स्पर्शाने प्रभार देताना या चुका टाळा

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात पावसाची झड लागली आणि पंचगंगेचे पाणी चढू लागले, की शाळेच्या प्रयोगशाळेतील विद्युतदर्शीची (विद्युत प्रभार ओळखणारे उपकरण; वर धातूची चकती आणि खाली तिला जोडलेली, प्रभार मिळताच फाकणारी दोन पातळ पाने) पाने उघडेनाशी होतात आणि मुलांना वाटते की आपले कांडी घासणेच कमी पडले. खरे कारण हवेतील दमटपणात आहे. कांडीवर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि जमलेला प्रभार त्यातून हाताकडे निघून जातो. काच हा ओलावा विशेष धरते, त्यामुळे पावसाळ्यात एबोनाइटची (कडक रबराची) कांडी बरी. कांडी, कापड आणि विद्युतदर्शी 60 वॅटच्या पिवळ्या बल्बजवळ आधी नीट कोरडे करून घ्यावेत. जमल्यास हा प्रयोग हिवाळ्यातच घ्यावा.

याहून मोठी चूक निरीक्षणात होते. घासलेली कांडी चकतीजवळ नेताच पाने फाकतात आणि वहीत ‘प्रभार गेला’ अशी नोंद होते. पण कांडी दूर करताच पाने मिटली, तर विद्युतदर्शीतले इलेक्ट्रॉन केवळ इकडून तिकडे सरकले होते, आले-गेले काहीच नाही. कांडी चकतीला टेकवावी आणि टेकवलेली असतानाच फिरवत पुढे ओढावी, कारण कांडीसारख्या विद्युतरोधकावरील (वीज वाहू न देणाऱ्या पदार्थावरील) प्रभार जागचा हलत नाही व जेथे स्पर्श होतो तेथूनच उतरतो. त्यानंतर कांडी दूर नेल्यावरही पाने उघडी राहिली, तरच प्रभार दिला गेला असे म्हणावे.

रेशमाने घासलेल्या काचेतून ‘धन प्रभार चकतीत आला’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत वारंवार आढळते आणि ते मला फार खटकते. धन प्रभाराचे प्रोटॉन अणुकेंद्रकातच राहतात. ऋण प्रभाराचे इलेक्ट्रॉन चकतीतून काचेकडे जातात, म्हणून चकती धन होते. लोकरीने घासलेल्या एबोनाइटच्या बाबतीत ते कांडीकडून चकतीत येतात.

स्पर्शानंतर प्रभार निम्मा-निम्मा वाटला जातो, हा नियमही सरसकट लावू नये. +6 आणि −2 नॅनोकूलॉम (प्रभार मोजण्याचे छोटे एकक) प्रभार असलेले धातूचे दोन गोळे अगदी सारखे असतील, तरच स्पर्शानंतर प्रत्येकावर +2 उरेल. एक गोळा मोठा असल्यास तो अधिक वाटा घेतो.

धातूचा चमचा नुसत्या हाताने धरून घासू नये, त्याला प्लॅस्टिकची मूठ हवी. तेल लावलेल्या केसांतून फिरवलेला कंगवाही निरुपयोगी ठरतो. आणि प्रत्येक नव्या वाचनापूर्वी, कांडी लांब ठेवून, चकतीला बोट लावावे व पाने पूर्ण मिटल्याची खात्री करावी.