क्लचवर चढलेला डावा पाय खाली कसा आणायचा

बाईक येणाऱ्याला गाडी लवकर येते असं सगळे म्हणतात. स्टिअरिंग आणि रस्त्याचा अंदाज याबाबत ते खरंय, पण क्लचच्या बाबतीत साफ उलटं आहे. आपल्याकडे जो तो आधी बाईक शिकतो आणि मग चारचाकीला हात लावतो, आणि बाईकवर गर्दीत हाफ क्लच धरून सरकत राहायची जी सवय बोटांना लागलेली असते ती तशीच्या तशी डाव्या पायात उतरते. बाईकला ते चालून जातं, कारण बहुतेक बाईकचा क्लच इंजिन ऑईलमध्ये बुडालेला असतो आणि त्यात लहान लहान बऱ्याच प्लेटा असतात. गाडीत एकच मोठी कोरडी प्लेट असते, ती फ्लायव्हील (इंजिनबरोबर फिरणारं जड चाक) आणि तिला दाबणारी प्रेशर प्लेट यांच्या मधे धरलेली. हाफ क्लच म्हणजे ती प्लेट नुसती घासली जाणं. ऑईल नाही, गार करायला काही नाही, त्यात मे महिन्यातलं भुसावळ.

माझी पहिली प्लेट मी वर्षाच्या आत खाल्ली. मिस्त्रीने ती काढून हातात दिली तर लायनर, म्हणजे प्लेटवरचा घासणारा थर, झिजून रिवेट वर आलेले आणि प्रेशर प्लेटवर निळे-जांभळे डाग पडलेले. तो म्हणे, भाऊ गाडी ठीक आहे, पाय खराब आहे. खर्चापेक्षा तेच जास्त लागलं.

तर सुरुवात गाडी बंद ठेवून करा. सीट एवढी पुढे घ्या की क्लच पार तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडासा वाकलेलाच राहील. पाय ताठ होत असेल तर सीट मागे आहे, गुडघा स्टिअरिंगला लागत असेल तर जास्तच पुढे आलीय. पेडल चवड्याने दाबायचं, बोटांच्या टोकाने नाही आणि तळव्याच्या मधल्या भागाने तर नाहीच. सोडताना टाच जमिनीला टेकवता आली तर उत्तम, मग पाय टाचेवर फिरतो आणि एकेक इंच मोजून सोडता येतं. काही गाड्यांत पेडल उंच असतं, तिथे टाच उचलावी लागते, ठीक आहे, पण मांडीच्या जोराने अख्खा पाय हवेत धरू नका, दहा मिनिटात थरथरायला लागतो. आणि सैल चप्पल घालून शिकू नका राव, उन्हाळ्यात घामाने पाय आतल्या आत सरकतो आणि चप्पल पेडलखाली अडकली की मग देवच मालक.

आता डावीकडे कोपऱ्यात बघा, बऱ्याच गाड्यांत पाय ठेवायला एक तिरकी जागा दिलेली असते. नसेल तर तिथली मोकळी जमीन. हे डाव्या पायाचं घर. दाबा, सोडा, पाय घरी. गाडी बंदच आहे, वीस-पंचवीस वेळा करा, पेडलकडे न बघता. बाजूला बसलेला हसेल, हसू द्या.

मग मोकळी सपाट जागा शोधा. जळगावात मेहरूण तलावाकडे सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, तिथे नको, त्यापेक्षा एमआयडीसीतला मागचा रस्ता सुट्टीच्या दिवशी बरा. शेजारी लायसनवाला माणूस आणि गाडीला एल लावलेला पाहिजेच. इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबलेला, पहिला गिअर, हँडब्रेक खाली, उजवा पाय ब्रेकवर. आता ब्रेक सोडा आणि ॲक्सिलरेटरला अजिबात हात, म्हणजे पाय, न लावता क्लच सावकाश वर येऊ द्या. एका जागी इंजिनचा आवाज जड होईल, गाडीला बारीकशी थरथर येईल आणि ती सरकायला लागेल. तिथे पाय दोन-तीन सेकंद तसाच धरा, गाडीने चाल पकडली की उरलेला सोडा, आणि पाय घरी. माझे मामा शेजारी बसून एवढंच म्हणायचे, "हयूहयू सोड ना रे, कसानी घाई शे तुले?" हीच जागा प्रत्येक गाडीत वेगळ्या उंचीवर असते, म्हणून दुसऱ्याची गाडी घेतली की आधी दोनदा ती शोधायची. बंद पडली तर पडू द्या, त्याने काही बिघडत नाही. बंद पडू नये म्हणून ॲक्सिलरेटर रेटून हाफ क्लचवर उचलता, बिघडतं त्याने.

ड्रायव्हिंग स्कूलबद्दल एक सांगतो. शिकवणाऱ्याच्या पायाखाली पण क्लच-ब्रेक असतात. मी ज्यांच्याकडे शिकलो ते गृहस्थ माझ्या आधीच क्लच दाबून मोकळे व्हायचे, मी पंधरा दिवस खूश की आपल्याला जमलं, आणि घरच्या गाडीत बसलो तर गल्लीच्या तोंडाशी चार वेळा बंद. म्हणून शेवटचे दोन-तीन दिवस त्यांना सरळ सांगा, साहेब पाय बाजूला घ्या.

ट्रॅक्टरवर हात बसलेल्यांची वेगळी गंमत. ट्रॅक्टरचा क्लच जड, त्यावर अंगाचा भार टाकायची सवय, आणि सोडताना झटकन. गाडीत तसं केलं की मागे बसलेली आजी पुढे येते. त्यांनी वर सांगितलेला बिना-ॲक्सिलरेटरचा प्रकार दुप्पट वेळा करावा.

गिअर बदलताना क्लच पूर्ण खाली, अर्धा नाही. गिअर पडला, पाय वर, पाय घरी. पुढच्या गिअरला अजून वेळ आहे ना, मग पाय पेडलवर टेकवून वाट बघायची नाही. नुसता टेकवला तरी थोडा दाब पडतो, रिलीज बेरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर प्लेटची पकड सोडवणारं बेरिंग, फिरत राहतं आणि प्लेट पूर्ण पकडत नाही.

थांबताना बहुतेक नवीन माणूस आधी क्लच दाबतो. बंद पडायची भीती. पण आधी ब्रेक, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये १०-१५ च्या स्पीडला आली की मग क्लच. अचानक काही आडवं आलं तर दोन्ही एकदम दाबा, तिथे प्लेटचा विचार करत बसू नका. सिग्नलला, रेल्वे फाटकाला, केळीच्या ट्रकमागे रावेर रोडला अडकलात तर न्यूट्रल, हँडब्रेक, दोन्ही पाय मोकळे.

चढाचा सराव शेवटी करा, आणि थेट कन्नड घाटात नाही, आधी एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर पहाटे. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, थोडा ॲक्सिलरेटर, क्लच सोडत आणा, गाडीचं तोंड किंचित वर उचललं गेलं की हँडब्रेक सोडा. चढावर क्लचने गाडी तोलून धरणं फार स्टायलिश वाटतं आणि प्लेट जळायला तेवढं पुरतं, जळक्या लायनरचा तो वास एकदा आला की विसरत नाही. वास आला तर बाजूला घेऊन गाडी थंड होऊ द्या. उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून सोडायची तर अजिबात नाही, लळिंगचा उतार असो की कन्नडचा, इंजिनची पकड सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ज्या गिअरने चढलात साधारण त्याच गिअरने उतरा, डावा पाय घरी.

प्लेट घसरतेय का ते असं कळतं, मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४०-५० ला असताना ॲक्सिलरेटर दाबला आणि इंजिनचा आवाज चढला पण स्पीड वाढला नाही, तर मिस्त्रीकडे जा. पेडल दाबल्यावर घरघर येते आणि सोडल्यावर जाते, तर बहुतेक बेरिंग.

आणि जळगावहून भुसावळला जाल तेव्हा शेजारच्याला एक काम द्या, रस्ता नाही बघायचा, फक्त तुमचा डावा पाय बघायचा आणि विनाकारण पेडलवर गेला की मोजायचं. माझ्या बहिणीने पहिल्या दिवशी नशिराबाद यायच्या आधीच १७ मोजले, आणि अजून कोणी पाहुणा आला की तो आकडा सांगते.