भयपट घरी लावायचाय? मग आधी पंख्याचं बघा

घरी भयपट लावला की निम्म्या वेळा मंडळी घाबरण्याऐवजी हसतात आणि खापर सिनेमावर फुटतं. खरं तर बहुतेकदा खोलीच नीट नसते. स्वयंपाकघरातला दिवा चालू, कूलरची घरघर, कुणीतरी शेवेचं पाकीट फोडतंय, आणि टीव्हीनं आवाजाचे चढउतार परस्पर सपाट करून ठेवलेले. भीती मुख्यतः कानातून शिरते आणि वाट बघण्यात वाढते. घरात नेमक्या याच दोन गोष्टींची वाट लागते. इंदूरच्या रामबागेतलं जुनं घर असो की विजयनगरच्या मल्टीतला, म्हणजे बहुमजली इमारतीतला, फ्लॅट, पुढची तयारी दोन तासांत होते.

सिनेमा माणसं बघून निवडा

दचकणं वेगळं आणि धास्ती वेगळी. शांततेनंतर एकदम मोठा आवाज झाला की मान आखडते, डोळे मिटतात. ते शरीर आपलं आपण करतं, त्यात सिनेमाचं फारसं कर्तृत्व नाही, आणि दुसऱ्यांदा बघताना ती जादू संपलेली असते. धास्तीत काय होणार हे कळलेलं असतं, कधी होणार ते कळत नाही. ती दुसऱ्यांदाही लागते. पाहुण्यांमध्ये एकानं जरी सिनेमा आधी बघितलेला असेल, तर धास्तीवाला निवडा.

‘सायको’ (1960) मधला न्हाणीघराचा प्रसंग एका मिनिटाच्या आतबाहेर संपतो. सुरी अंगात शिरताना जवळपास दिसतच नाही. आपल्याला ऐकू येतात ती किंचाळणारी व्हायोलिन्स, आणि तो बेसूरपणा संकटातल्या प्राण्याच्या ओरडण्याच्या इतका जवळचा आहे की अंगावर काटा येतोच. रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं होतं. सिनेमा कृष्णधवल, त्यामुळे ते खपलं. पण खरा घाव वेगळाच आहे. जिच्याबरोबर आपण इतका वेळ होतो ती नायिका अर्धा सिनेमा शिल्लक असताना जाते, आणि आता कुणाचा हात धरायचा ते समजत नाही. जुना, काळा-पांढरा, म्हणून नाक मुरडणाऱ्या कॉलेजच्या पोरांना हाच लावा.

‘जॉज’ (1975) मध्ये यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडत होता, म्हणून दिग्दर्शक स्टीव्हन स्पिलबर्गना तो फार दाखवता आला नाही. पाणी, पिवळे पिंप आणि दोन सुरांची धून यांवर काम भागवलं, आणि सिनेमा त्यानंच उभा राहिला. ‘आता येतो बघ’ म्हणणारा एखादा भाऊ प्रत्येक घरात असतो. त्याला आधीच समज द्या, कारण या सिनेमाची सगळी पुंजी न दिसण्यातच आहे.

जपानी ‘रिंगू’ (1998) मधली केसाळ बाई चालते तेव्हा काहीतरी चुकलंय हे लगेच जाणवतं, पण काय ते सांगता येत नाही. अभिनेत्रीला उलटं चालायला लावून ते चित्रण मागून पुढे चालवलं आहे, म्हणून पावलांचा तोल माणसासारखा पडत नाही. रक्त नाही, हाणामारी नाही. ज्यांना मारधाड सोसत नाही पण भीती हवी आहे, त्यांच्यासाठी हा उत्तम.

‘द एक्सॉर्सिस्ट’ (1973) ची कीर्ती मोठी आहे. मुलीच्या खोलीचा सेट इतका थंड केला होता की नटांच्या तोंडून खरी वाफ निघते, आणि सैतानाचा पांढरा चेहरा डोळ्यांसमोरून निमिषभर चमकून जातो. पण कॅथलिक विधींशी आपला संबंध नसतो, त्यामुळे मराठी घरात शेवटचा भाग कधीकधी नाटकी वाटतो. तिथे जास्त चावतो तो पूर्वार्ध: दवाखाने, तपासण्या, आणि डॉक्टरांना काही सापडत नाही म्हणून हवालदिल झालेली आई.

उलट ‘तुंबाड’ (2018) आपल्या घरातलाच आहे. वाडा, सतत पडणारा पाऊस, कंदिलाचा उजेड, कोंडून ठेवलेली म्हातारी, कणकेच्या बाहुल्या. कणकेचा गोळा रोज हाताळणाऱ्या बायकांना त्या बाहुल्या फार लागतात. भीती मात्र त्यातल्या हस्तर नावाच्या राक्षसापेक्षा लोभाची आहे. नायक सोन्यासाठी पुन्हा खाली उतरणार हे आपल्याला त्याच्याआधी कळलेलं असतं. हा पहिल्याच बैठकीला लावू नका. आधी खोली आणि आवाज जमलाय का ते दुसऱ्या सिनेमावर तपासून घ्या, कारण यातला अंधार साध्या टीव्हीवर नुसता काळा चिखल होऊन जातो.

‘लपाछपी’ (2017) बरीचशी भीती भर उन्हात घालते. उसात हाताच्या अंतरापलीकडचं दिसत नाही आणि पानांची सळसळ कुठून येते ते कळत नाही. विषय स्त्रीभ्रूणहत्येचा आहे. घरात कुणी गरोदर असेल किंवा नुकतं काही सोसलेलं असेल, तर हा सरळ बाजूला ठेवा. मल्टीत राहणाऱ्यांना रामगोपाल वर्मांचा ‘भूत’ (2003) जास्त झोंबतो. एकही गाणं नाही, पडका वाडा नाही, शहरातला चांगला उजेडाचा फ्लॅट आणि त्याची लिफ्ट आहे.

आजी-आजोबा बसणार असतील तर ‘महल’ (1949). त्यातलं गाजलेलं गाणं गाणाऱ्या लता मंगेशकर 1929 साली इथेच इंदूरला जन्मल्या. आवाज दुरून जवळ येतोय असं वाटावं म्हणून त्या गातगात मायक्रोफोनकडे चालत आल्या होत्या. डोळे मिटून ऐका, भीती कशी बांधतात ते तेवढ्यात कळतं. पोरासोरांसकट सगळे बसणार असतील तर आपल्याच मध्य प्रदेशातल्या चंदेरीत चित्रित झालेला ‘स्त्री’ (2018), नाहीतर ‘झपाटलेला’ (1993). तात्या विंचूवर मोठे हसतात, पण सहा-सात वर्षांच्या मुलाला तो बाहुला रात्री छळू शकतो. प्रमाणपत्रावर आता यूए 7+, 13+ आणि 16+ असे वेगळे गट असतात. नव्या सिनेमासाठी ते बघा.

एका रात्री एकच जड सिनेमा. दोन लावले की दुसऱ्याला मंडळी जांभया देतात.

अंधार आणि चित्र

खिडकीवर जाड सोलापुरी चादर दुहेरी करून लावा. नुसता पडदा रस्त्यावरच्या एलईडी दिव्याला पुरत नाही. इन्व्हर्टर, राउटर, सेट-टॉप बॉक्स यांच्या लुकलुकत्या दिव्यांवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा. शोकेसची काच आणि भिंतीवरचा आरसा पडद्याचा उजेड परत फेकतात, त्यांच्यावर चादर टाका. दाराशी, पायाखाली एक झिरो बल्ब मात्र असू द्या, उठणारा माणूस अडखळून पडायला नको.

55 इंची टीव्ही असेल तर पहिली रांग साधारण दोन ते अडीच मीटरवर. चित्राच्या सेटिंगमध्ये ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ काढून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ करा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. कंपनीप्रमाणे तिला ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस अशी नावं आहेत, आणि ती चालू असली की कुठलाही भयपट दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. खोलीतल्या उजेडाप्रमाणे चित्र मंद करणारा सेन्सरही बंद. नाहीतर अंधार केल्याबरोबर टीव्ही स्वतःच आणखी काळवंडतो.

गच्चीवर प्रोजेक्टर लावायची हौस असेल तर अमावास्येच्या आसपासचा दिवस धरा. भुतासाठी नव्हे, चांदणं पडद्यावर पडून काळा रंग राखाडी होतो म्हणून. आजीला हे कारण पटणार नाही, तिला तारीख सांगू नका. मे महिन्यात सात वाजून गेले तरी उजेड असतो आणि लाउडस्पीकर रात्री दहानंतर चालत नाही, म्हणजे वेळ कमीच उरतो. डिसेंबरात सहालाच सूर्य बुडालेला असतो, पण रात्री दव पडतं, ते यंत्राला वाईट. आमचं मत विचाराल तर भयपटाला गच्ची नको, बंद हॉल हवा.

आवाज, म्हणजे निम्मा सिनेमा

टीव्हीतला ‘नाइट मोड’ आणि ‘ऑटो व्हॉल्यूम’ बंद करा. या सोयी कुजबुज मोठी आणि किंकाळी लहान करतात, आणि दोन्हींमधलं अंतर गेलं की दचकण्याजोगं काही उरत नाही. ब्लूटूथ स्पीकर टाळा. त्यात आवाज किंचित उशिरा पोचतो, आणि दार आपटल्यावर धाडकन ऐकू आलं तर सगळे हसतात. तारेनं जोडा, साउंडबार असेल तर टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआय खाचेतून. साध्या टीव्हीवर 5.1 चा, म्हणजे सहा स्पीकरांसाठीचा, ट्रॅक निवडला तर संवाद पुटपुटल्यासारखे येतात, तिथे स्टिरिओ घ्या. सबवूफर कोपऱ्यात सरकवला की घुमतो. शेजारची भिंत सामाईक असेल तर कोपऱ्यापासून हातभर लांब ठेवा.

आवाजाची पातळी एकदाच ठरवा: दोन माणसांचं साधं बोलणं मागच्या रांगेला कान न देता ऐकू यावं. मग रिमोट उंचावर ठेवून द्या. शांत प्रसंगात आवाज वाढवणारा आणि दचकल्यावर कमी करणारा माणूस सिनेमा मारतो.

आता पंखा. करकरणारा पंखा आणि कूलर शांतता खाऊन टाकतात, आणि शांतता नसेल तर पुढचा आवाज एकटा उठून दिसत नाही. म्हणून इंदूरला हा कार्यक्रम दिवाळी ते होळी या काळात करावा. उन्हाळ्यातच करायचा तर कूलर आधी दोन तास चालवून खोली गार करा आणि सिनेमा सुरू होताना बंद करा. लग्नसराईतली वरात टाळणं कुणाच्याच हातात नाही. घरावरून वरात जाणार असेल तर सरळ उशिरा सुरू करा.

सबटायटल्स घ्यायची असतील तर ऐकू न येणाऱ्यांसाठीची आवृत्ती नको. तिच्यात ‘दार करकरतं’ असं लिहून येतं आणि मग दाराला काही काम राहत नाही. सिनेमा आदल्या दिवशी डाउनलोड करा, जाहिरातीवाली योजना असेल तर तिथे बघूच नका.

खाणं, मध्यंतर, माणसं

कुरकुरीत काहीही नको: पॉपकॉर्न नाही, चिवडा नाही, प्लास्टिकची पाकिटं तर मुळीच नाहीत. गराडू (तळलेला कंद), कचोरी आधी उरकून घ्या. सिनेमाच्या वेळी भुट्ट्याचा (मक्याच्या कणसाचा) कीस वाटीत द्यावा. मऊ, चमच्यानं खायचा, अंधारातही सांडत नाही. त्यावर शेव घालायचा मोह आवरा, इंदूरकराला ते जड जाईल. चमचे लाकडी किंवा प्लास्टिकचे.

चहासाठी थांबावंच लागतं, तर जागा आधी बघून ठेवा. ताण चढत असताना थांबवला तर पुन्हा शून्यापासून सुरुवात. ‘तुंबाड’ 1918, 1933 आणि 1947 अशा तीन काळांत विभागलेला आहे, तिथे पहिला काळ संपला की थांबता येतं.

पाच ते आठ माणसं पुरे. दहाच्या वर गेली की एकजण विनोद करतो आणि बाकीचे त्याच्या आडोशाला पळतात. हा विनोदवीर बहुधा सगळ्यात घाबरलेला असतो, त्याला पुढे बसवा, मागे वळून प्रेक्षक मिळाले नाहीत की गप्प होतो. भित्र्या माणसाला दोघांच्या मध्ये जागा द्या. ज्याला खरी मजा हवी त्याची पाठ उघड्या दाराकडे. मोबाइल दुसऱ्या खोलीत. हृदयविकार असलेल्यांना दचकवणारा सिनेमा नको, आणि फिट येणाऱ्यांना लखलखाट असलेला नको. उठून जायचं असेल त्यानं कारण न देता जावं, आणि त्याला कुणी चिडवू नये, हे सुरुवातीलाच सांगून टाका.

हे सगळं घरच्यांपुरतं. मंडळाच्या हॉलमध्ये तिकीट लावून किंवा जाहीर बोलावून दाखवायचं तर हक्कधारकाची परवानगी लागते. घरची ओटीटीची वर्गणी तिथे चालत नाही.

संपल्यावर ट्यूबलाइट एकदम लावू नका, आधी झिरोच्या उजेडात पाच मिनिटं बोलू द्या. झोप उडालेल्यांना घेऊन सराफ्यात जा, तिथली खाऊगल्ली मध्यरात्रीनंतरही जागी असते. एखाद्या पोरानं दाराआडून बघितलंच असेल, तर ‘भूत नसतं रे’ म्हणून भागत नाही. सकाळी त्याला मोबाइलसमोर अंगणात उलटं चालायला लावा, ते चित्रण उलट फिरवून दाखवा, आणि मग मोबाइल त्याच्याच हातात देऊन त्याला तुमचं चित्रण करू द्या.