मासा बिचकतोय? पाण्याच्या हालचालीबाबत या चुका टाळा

टाकीतला मासा कोपरा सोडत नाही, दाणे तोंडाशी आले तरी चुकतो, की लगेच औषध घातलं जातं. आधी पंप बघा.

कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत माशाच्या दोन्ही कुशींवर बारीक छिद्रांची रेघ असते, ती पार्श्वरेषा. छिद्रांखालच्या नळीत आणि उघड्या कातडीवरही रोमपेशींचे, म्हणजे केसासारखे तंतू असलेल्या, हालचाल टिपणाऱ्या पेशींचे पुंजके असतात, त्यांवर जेलीसारखी मऊ टोपी. पाणी सरकलं की टोपी झुकते आणि मज्जातंतूला खबर जाते. टप्पा तोकडा, माशाच्या एक-दोन लांबीइतकाच. पण मेक्सिकोतला आंधळा गुहामासा तेवढ्यावरच भिंती चुकवतो.

पहिली चूक फिल्टरच्या धारेची. सरळ धारेत कातडीवरचे पुंजके सतत रेटले जातात आणि दाण्याची किंवा शेजारच्या माशाची बारीक चाहूल त्यात बुडते. चिमूटभर खाद्याचा चुरा पाण्यात सोडून बघा. चुरा टाकीभर गरगरत राहिला आणि निवांत कोपरा एकही उरला नाही, तर तोटी काचेकडे वळवा किंवा तिच्यावर जाड स्पंज चढवा. वैतागून फिल्टर तासन्‌तास बंद ठेवू नका; स्पंजमधले जिवाणू प्राणवायूअभावी मरतात आणि अमोनिया वाढतो. बेट्टा माशाला संथ पाणी लागतं, पण डोंगरी ओढ्यातल्या माशांना जोराचंच हवं, हेही ध्यानात असू द्या.

एअर पंप टाकीच्या झाकणावर ठेवणं ही त्याहून छुपी चूक. साधा पंप विजेच्या चालीनं सेकंदाला ५० किंवा ६० वेळा थरथरतो, आणि पार्श्वरेषेला साधारण २०० पर्यंतची कंपनं जाणवतात. म्हणजे त्याची घरघर नेमकी तिच्याच पट्ट्यात! काचेला तळवा लावा. थरथर जाणवली तर पंप वेगळ्या फळीवर, फोमच्या तुकड्यावर ठेवा. नळी ताणलेली किंवा काचेला टेकलेली नको. पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर नळीत एकमार्गी झडप हवीच, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात उतरतं.

काचेवर टकटक? नकोच.

आता औषधं. निओमायसिन, कानामायसिन, जेंटामायसिन ही प्रतिजैविकं रोमपेशी मारू शकतात, तांब्याचंही तेच. माशांत त्या पुन्हा उगवतात, तरी जिवाणूसंसर्गाची खात्री नसताना डोस देऊ नका.

डोक्यावरची छिद्रं पाहूनही लोक घाबरतात. डावी-उजवीकडे सारखी, नीटस, बारीक असतील तर ती पार्श्वरेषेचीच. रुंदावत जाणारे, फिकट कडांचे खड्डे मात्र रोगाचे.