उकाड्यात टायमिंग किती सोडायचं?

टायमिंग म्हणजे पिस्टन वर पोचण्याच्या किती अंश (क्रँकच्या फिरण्याचे) आधी स्पार्क पाडायचा ते; ‘सोडायचं’ म्हणजे तो उशिरा पाडायचा. शिकाऊ असताना माझं गणित साधं होतं: स्पार्क जितका आधी, तितकी ताकद जास्त. पहिला मॅप (कुठल्या आरपीएमला, किती लोडला किती टायमिंग, त्याचा तक्ता) केला तो सकाळच्या गारव्यात, ताकद मोजणाऱ्या डायनोवर, बॉनेट उघडं आणि समोर भलामोठा पंखा. दुपारी तीच गाडी ट्रॅफिकमध्ये रखडली. वाट मिळताच थ्रॉटल दाबला, तर डब्यात खडे हलवल्यासारखा खडखडाट. नॉकिंग!

स्पार्क पडल्यावर ज्वाला पसरते आणि पुढचं न जळलेलं मिश्रण दाबत, तापवत जाते. ज्वाला पोचण्याआधीच ते आपोआप पेटलं की नॉक होतो. आत येणारी हवाच तापलेली असेल तर मिश्रण आधीच त्या टोकाला असतं. वर ॲडव्हान्स (स्पार्क आधी पाडणं) जास्त ठेवला की आपणच त्याला ढकलतो.

मग मी घाबरून सगळा मॅपच खाली आणला. ही दुसरी चूक. हलक्या लोडवर (इंजिनावर ताण कमी असताना) मिश्रण सावकाश जळतं, तिथे ॲडव्हान्स हवाच असतो. कापायचं ते जास्त लोडवर, त्यातही कमाल टॉर्कच्या आरपीएमच्या आसपास, कारण सिलेंडर तिथे सर्वांत जास्त भरतो. आता मी इनटेक (आत येणाऱ्या) हवेच्या तापमानाच्या करेक्शन टेबलात ४० अंश सेल्सिअसच्या वर दर १० अंशांना साधारण १ अंश टायमिंग मागे घेऊन सुरुवात करतो आणि लॉग बघून बदलतो. आकडा प्रत्येक इंजिनाचा वेगळा, माझा तसाच उचलू नका. सर्वोत्तम टॉर्कच्या टायमिंगजवळ आलेख पठारासारखा सपाट असतो, तिथून दोन अंश सोडले तर चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

पण या सगळ्याआधी टायमिंग लाइट (स्पार्क खरोखर किती अंशांवर पडतो ते पुलीवरच्या खुणांवर दाखवणारा दिवा) लावा. ईसीयू (इंजिनाचा संगणक) १० अंश सांगतोय आणि पुलीवर १३ दिसताहेत, असं मी पाहिलंय. मग टेबलात कितीही सावधपणा करा, काय उपयोग?

इनटेक सेन्सरही फसवतो. उभ्या गाडीत तो बॉनेटखालच्या धातूसोबत तापतो आणि गाडी निघाल्यावरही थोडा वेळ खऱ्या हवेपेक्षा जास्त आकडा दाखवतो. त्या वेळी गाडी थोडी मठ्ठ वाटली तरी मी ते चालवून घेतो. नॉकचा आवाज टिपणाऱ्या नॉक सेन्सरच्या भरवशावर मात्र राहत नाही. नॉक झाल्यावरच तो बोलतो, आणि वरच्या आरपीएमला व्हॉल्व्हच्या खडखडाटातही गोंधळतो. ८६ मिलिमीटर बोअरला (सिलेंडरच्या व्यासाला) नॉकचा सूर साधारण ६.७ किलोहर्ट्झला लागतो. सेन्सरचा फिल्टर तिथे आहे का, एवढं तपासून घ्या.

पाच-सहा अंश काढूनही आवाज राहिला तर टेबलाला हात लावणं थांबवा. पेट्रोलचा ऑक्टेन (नॉक रोखण्याची क्षमता), प्लगची हीट रेंज (तो उष्णता किती लवकर बाहेर सोडतो), पिस्टनवरचा कार्बन, रेडिएटर बघा. टायमिंग आणखी मागे नेलं की उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते. माझा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर नेणारा पहिला पाइप) एकदा असाच लालबुंद झाला होता.