पॅरिसमध्ये साहेबांसाठी सिक्युरिटी ड्रायव्हर घेताय? या चुका टाळा

पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कवर मी बरीच वर्षं युरोपची बुकिंगं बघतोय. डेस्कवर नवीन आलेलं कुणीतरी सकाळी विचारतं, "पॅरिसला सिक्युरिटी ड्रायव्हर हवाय, कसा घेऊ?" मी सांगायला बसेपर्यंत त्याने सगळ्यात स्वस्त कोटेशनला होकार कळवलेला असतो. काळी मर्सिडीज, काळा सूट, कानात वायर. झाला सिक्युरिटी ड्रायव्हर! खरा सिक्युरिटी ड्रायव्हर म्हणजे धोक्याच्या वेळी गाडी कशी चालवायची ते शिकलेला चालक.

अंगरक्षकालाच स्टिअरिंग देणं

"दोन माणसं कशाला? बॉडीगार्डच गाडी चालवेल." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. याच शहरात 31 ऑगस्ट 1997 ला मध्यरात्रीनंतर आल्माच्या बोगद्यात प्रिन्सेस डायनाच्या गाडीचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, फक्त गाडी कोण चालवत होतं ते कुणाला आठवत नाही. ती चालवणारा आंरी पॉल हा रिट्झ हॉटेलच्या सुरक्षा विभागाचा उपप्रमुख होता. ड्युटी संपवून गेलेल्या माणसाला रात्री परत बोलावून घेतलं होतं. भाड्याच्या आलिशान गाड्या चालवायला लागणारा परवाना त्याच्याकडे नव्हता, रक्तातली दारू फ्रेंच मर्यादेच्या तिपटीहून जास्त होती, आणि गाडीतल्या चौघांपैकी एकानेही पट्टा लावलेला नव्हता. मागे फोटोग्राफर लागले होते हे खरंच. पण पाठलाग होत असताना वेग कधी वाढवायचा आणि कधी नाही, हे ज्याला शिकवलेलं असतं तो ड्रायव्हर. सुरक्षेचा माणूस वेगळा, चालक वेगळा.

फ्रान्समध्ये या दोन कामांची कार्डंही वेगवेगळी असतात. आधी बुकिंग करून चालकासह भाड्याने मिळणाऱ्या गाडीला तिथे व्हीटीसी म्हणतात; तिच्या चालकाकडे व्हीटीसी कार्ड लागतं आणि गाडीच्या काचेवर त्याचं लाल स्टिकर असतं. व्यक्तीच्या संरक्षणाचं काम करणाऱ्याकडे क्नाप्स या सरकारी संस्थेचं कार्ड लागतं, त्याचा नंबर ऑनलाइन तपासता येतो. एकच माणूस दोन्ही कामं करणार असेल तर दोन्ही कार्डांचे फोटो मागवा. "पाठवतो, पाठवतो" करत दोन दिवस घालवले तर त्याचा नाद सोडा.

आणखी एक. दार कोण उघडणार हे साहेबांना आधीच सांगून ठेवा. सोबत अंगरक्षक असेल तर चांगला चालक खुर्ची सोडत नाही, इंजिन चालू ठेवून बसतो. आमच्या एका साहेबांना तो उद्धटपणा वाटला होता आणि त्यांनी तशी लेखी तक्रार केली होती.

दोन ट्रान्सफर घेऊन मधले तास वाचवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती मी स्वतः केली आहे.

आपल्याकडे आठ तास ऐंशी किलोमीटरचं पॅकेज घेतलं की गाडी दिवसभर आपली. पॅरिसमध्ये ट्रान्सफर म्हणजे फक्त इथून तिथे सोडणं. गाडी आणि चालक तासांवर आपल्याकडे ठेवायचे असतील तर त्याला 'मीझ आ दिस्पोझिसियाँ' म्हणतात, आणि ते अर्थातच महाग. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये आमच्या अकाउंट्सने विचारलं, "साहेब चार तास मीटिंगमध्ये बसणार, तेवढा वेळ ड्रायव्हर नुसता बसून पैसे घेणार?" मला ते पटलं. ऑपेराजवळच्या हॉटेलातून सँ-दनी या उत्तरेच्या उपनगरात एक ट्रान्सफर आणि संध्याकाळी परतीचा एक, असं बुक केलं.

मीटिंग दीड तास आधी संपली. मधल्या वेळात एजन्सीने चालकाला दुसरं काम दिलं होतं, आणि त्यात तिची काहीच चूक नव्हती. साहेबांनी फोनवरून ॲपची गाडी बोलावली. लॅपटॉपची बॅग शेजारच्या सीटवर, हातात फोन, आणि गाडी ए-1 महामार्गावर लाँदीच्या बोगद्यात अडकलेली. गर्दीत थांबलेल्या गाडीची काच फोडून बॅग ओढायची, यासाठी हा बोगदा वर्षानुवर्षं कुप्रसिद्ध आहे. स्कूटरवरून दोघं आले. साहेब म्हणाले, काच फुटल्याचा आवाज आला तेव्हा बॅग आधीच गेलेली होती. लॅपटॉपमध्ये टेंडरचे आकडे होते. वाचवलेले तास मग आयटीवाल्यांनी रात्रभर जागून भरून काढले.

आमचा नेहमीचा चालक त्या बोगद्याआधी काहीही न बोलता बॅगा डिकीत टाकतो, दारं लॉक करतो आणि पुढच्या गाडीची मागची चाकं दिसतील एवढं अंतर ठेवून थांबतो, म्हणजे बाजूने निघायला जागा राहते. तुम्ही पैसे देता ते याचे आणि त्याच्या बसून राहण्याचे. मर्सिडीज काय, कुणीही देतं.

कार्यक्रम सगळ्यांना पाठवणं

विमान नंबर, हॉटेल, खोली, जेवणाची वेळ, सगळं एका पीडीएफमध्ये आणि ती पीडीएफ तीस जणांच्या ग्रुपवर. 2014 च्या ऑगस्टमध्ये एका सौदी राजपुत्राचा ताफा ल बूर्झे विमानतळाकडे निघाला असताना पोर्त द ला शापेलजवळ हत्यारबंद टोळीने अडवून अडीच लाख युरो आणि कागदपत्रं नेली. टोळीला आतली माहिती असणार, असं पोलिसांच्या संघटनेने तेव्हाच म्हटलं होतं. आपले साहेब राजपुत्र नाहीत, मान्य. तरी मी चालकाला फक्त त्याच्या पुरतं कळवतो, आणि विमानतळावरच्या पाटीवर साहेबांचं किंवा कंपनीचं नाव घालत नाही. आमची पाटी 'पुरंदर' अशी असते. अजून एकाही फ्रेंच माणसाला त्याचा उच्चार जमलेला नाही.

बाकीच्या, पटापट

"गनमॅन ड्रायव्हर द्या" असं मागू नका. तिथे खासगी सुरक्षारक्षक सहसा निःशस्त्र असतात.

बुलेटप्रूफ गाडी हौसेखातर नको. कारखान्यातून चिलखती होऊन आलेली मर्सिडीज एस-क्लास चार टनांच्या पुढे जाते, आणि साडेतीन टनांवरच्या गाडीला चालकाकडे वेगळा परवाना लागतो.

"जरा दामट की" म्हणू नका. पेरिफेरिक या रिंगरोडवर 1 ऑक्टोबर 2024 पासून मर्यादा ताशी 50 आहे, शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर 30. दंड चालकाला होतो, परवान्याचे गुण त्याचे जातात.

बसच्या लेनमधून टॅक्सी जाते, व्हीटीसी जात नाही. त्यावरून चालकाशी वाद घालू नका.

पहाटे विमानतळावर आलेल्या चालकालाच रात्री एक वाजता डिनरहून परत आणायला लावू नका. दुसरा माणूस घ्या.

आदल्या रात्री मी चालकाला स्वतः फोन करतो. "ए-1 तुंबला तर शार्ल द गोल विमानतळाहून कसा येणार?" तो "ए-3 ने, पोर्त द बान्योलेवरून" असं काहीतरी लगेच बोलला की मी झोपायला जातो. "जीपीएस दाखवेल" म्हणाला, तर त्याच रात्री एजन्सीला फोन करून माणूस बदलून घेतो. गेल्या वर्षी एकाच दौऱ्यासाठी दोनदा बदलला. एजन्सीवाली बाई वैतागली होती, पण तिसरा मिळाला तो अजून आमच्याकडे आहे.