मतांची बटणं अशी लावा, की दुसऱ्या पेठेचा माणूसही बोलत राहील

शाहू स्टेडियमवर सामना संपला की आमच्या ऑनलाइन ग्रुपवर रात्रभर चर्चा चालते. मी तिथला मॉडरेटर. कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये तालीम आणि पेठ आलीच, त्यामुळे ज्या संघाची पोरं ग्रुपवर जास्त, त्यांचं म्हणणं वर आणि बाकीच्यांचं तळाला, हे नेहमीचंच. गेल्या हंगामात एकानं पेनल्टी का बरोबर होती ते नियमासकट, शांतपणे लिहिलं. त्याच्यावर धडाधड डाउनव्होट, म्हणजे नापसंतीची मतं, पडले आणि कमेंट तळाला जाऊन झाकली गेली. वर राहिलं काय, तर ‘रेफ्री फिक्स होता’. तो गडी पुन्हा लिहायला आला नाही. असा माणूस गेला की मागं एकमेकांना ‘बरोबर आहे भावा’ म्हणणारेच उरतात. ते मला सोसत नाही, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी मतांचा आकडा लपवा. आधीची मतं दिसली की पुढचा माणूस त्याच वाटेनं जातो. 2013 साली ‘सायन्स’मध्ये यावर एक प्रयोग छापून आला होता. एका बातम्यांच्या साइटवर काही कमेंटना संशोधकांनी मुद्दाम एकेक अपव्होट, म्हणजे पसंतीचं मत, दिला. नंतर पहिल्या वाचकानं अपव्होट देण्याची शक्यता 32 टक्क्यांनी वाढली आणि शेवटचं गुणांकन सरासरी 25 टक्क्यांनी वर गेलं. मुद्दाम दिलेला डाउनव्होट मात्र लोकांनी बऱ्यापैकी भरून काढला. म्हणजे खोट्या कौतुकाचा फुगा जास्त टिकतो. रेडिट या चर्चेच्या साइटवर तुमची कम्युनिटी असेल तर सेटिंगमध्ये कमेंटचा स्कोअर 24 तासांपर्यंत लपवता येतो. सामन्याच्या दिवशी पूर्ण 24 ठेवा, कारण डोकी थंड व्हायला तेवढा वेळ लागतोच.

पोस्ट वरखाली होण्यात घाईला फार किंमत असते. रेडिटनं पूर्वी खुल्या केलेल्या सूत्रात पहिल्या 10 मतांचं वजन पुढच्या 90 मतांएवढं होतं. शिट्टी वाजताच मोबाइल काढणारी दहा पोरं रात्रीचा सूर ठरवतात, ते असं. म्हणून वादाच्या चर्चेला रेडिटवरचा ‘कॉन्टेस्ट मोड’ लावा. त्यात कमेंट कुठल्याही क्रमानं येतात, स्कोअर दिसत नाही.

डाउनव्होट फुकट ठेवू नका. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर दुसऱ्याच्या उत्तराला डाउनव्होट दिला तर आपलाही एक गुण जातो. स्वतःची साइट असेल तर असं काहीतरी करा, किंवा कारण निवडायला लावा: शिवीगाळ, खोटी माहिती, विषय सोडून. ‘पटलं नाही’ हे कारण यादीत ठेवूच नका.

मला सगळ्यात पटलेली रीत एक्सच्या (पूर्वीचं ट्विटर) कम्युनिटी नोट्सची, म्हणजे पोस्टखाली वापरणाऱ्यांनीच लिहिलेल्या खुलाशांची. तिथं नुसती मतं मोजत नाहीत. एरवी एकमेकांशी न पटणाऱ्यांनी एकाच नोटेला उपयुक्त म्हटलं, तरच ती सगळ्यांना दिसते. आपल्याला एवढं गणित नको. प्रत्येकाच्या नावापुढं संघाचा फ्लेअर, म्हणजे संघाच्या नावाची छोटी पट्टी, लावा आणि विरोधी संघाच्या लोकांनीही कौतुक केलेली कमेंट मॉडरेटरनं स्वतः पिन करावी, म्हणजे सगळ्यात वर टिकवून ठेवावी. प्रत्येक सामन्यानंतर एक तरी. तळाला गेलेल्या कमेंटही आठवड्यातून एकदा उघडून वाचा. शिवी असेल तर काढून टाका. नुसतं वेगळं मत असेल तर खाली स्वतः उत्तर लिहा, म्हणजे लिहिणाऱ्याला कळेल की कुणीतरी वाचलंय.