चटईच्या विणीसारखी दिसणारी फ्री मोशन क्विल्टिंगची नक्षी कशी शिवावी

क्विल्टिंग म्हणजे कापडाचे थर एकत्र शिवून त्यावर टाक्यांची नक्षी उठवणे. फ्री मोशन क्विल्टिंगमध्ये सुईखालचे मशीनचे दाते कापड पुढे नेत नाहीत. कापड दोन्ही हातांनी सरकवावे लागते आणि त्यामुळे टाक्याची लांबी व रेषेची दिशा या दोन्ही गोष्टी शिवणाऱ्याच्या स्वाधीन असतात. या पद्धतीचे नाव काढले की वेलबुट्टी आणि पिसांसारख्या वळणदार नक्ष्या आठवतात. परंतु पट्ट्या एकमेकींच्या खालून-वरून गेल्यासारखी भासणारी सरळ रेषांची नक्षीही याच पद्धतीने उत्तम साधते. तिची रचना अगदी साधी आहे: एका चौकोनात आडव्या रेषा, शेजारच्या चौकोनात उभ्या, त्यापुढे पुन्हा आडव्या. आडव्या रेषा जेथे थांबतात तेथे उभी पट्टी मध्ये येते, म्हणून आडवी पट्टी तिच्याखाली शिरली असे डोळ्यांना वाटते. शिवाय दोन रेषांमध्ये फुगून वर आलेल्या बॅटिंगची (दोन कापडांमधल्या मऊ थराची) बारीक सावली या भासाला उठाव देते. हातात फारशी सफाई नसतानाही ही नक्षी चांगली उतरू शकते, मात्र रेषांचा मार्ग आधी ठरलेला हवा.

मशीनची आणि कापडाची तयारी

वरचे कापड, बॅटिंग आणि मागचे कापड असे तीन थर सुरकुती न ठेवता पसरावेत आणि साधारण पंजाएवढ्या अंतरावर सेफ्टी पिना लावून ते पक्के करावेत. मशीनचे दाते खाली घ्यावेत, टाक्याची लांबी शून्यावर ठेवावी आणि फ्री मोशनचा उडता फूट (सुईभोवतीचा, कापडावर घट्ट न दाबणारा भाग) बसवावा. सुती कापड व मध्यम जाडीचे बॅटिंग असेल तर 90/14 क्रमांकाची क्विल्टिंगची सुई आणि 50 क्रमांकाचा सुती दोरा बहुतेक वेळा पुरेसा ठरतो. पहिल्या कामासाठी दोऱ्याचा रंग कापडाच्या रंगाशी मिळताजुळता घ्यावा. विरोधी रंगाचा दोरा नक्षी उठून दाखवतो हे खरे, पण तो प्रत्येक वाकडी रेषाही तितक्याच तत्परतेने दाखवतो.

आखणी

पाण्याने निघणाऱ्या पेनाने किंवा खडूने क्विल्टवर फक्त चौकोनांची जाळी आखावी. चौकोनाच्या आतल्या रेषा आखू नयेत. आतल्या रेषाही आखल्या तर सुई प्रत्येक खुणेमागे धावत राहते आणि हात ताठर होतो. उलट जाळीच्या चौकटीत नजरेच्या अंदाजाने घातलेल्या रेषा किंचित कमीजास्त झाल्या तरी एकूण वीण जिवंत दिसते. सरावासाठी दोन इंचांचे चौकोन आणि अर्ध्या इंचावर रेषा असे प्रमाण ठेवावे. हात बसल्यावर एक इंचाचा चौकोन आणि पाव इंचावर रेषा घेता येतील. या दोन्ही प्रमाणांत वरची व खालची कड धरून प्रत्येक चौकोनात पाच रेषा येतात आणि पुढचे सारे गणित या विषम संख्येवर उभे आहे.

मार्ग

शिवायला बसण्यापूर्वी हा मार्ग कागदावर पेन्सिल न उचलता काढून पाहावा. पहिल्या चौकोनाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करून उजवीकडे जावे, कडेने एका रेषेचे अंतर खाली उतरावे, डावीकडे परतावे, पुन्हा उतरावे. अशी पाचवी रेषा पूर्ण होते तेव्हा आपण खालच्या उजव्या कोपऱ्यात पोहोचलेले असतो आणि तोच शेजारच्या चौकोनाचा खालचा डावा कोपरा असतो. तेथून लगेच वर जाणारी उभी रेषा सुरू करावी, उजवीकडे सरकून खाली यावे, असे करत पाच उभ्या रेषा शिवल्या की सुई वरच्या उजव्या कोपऱ्यात येते, म्हणजे तिसऱ्या चौकोनाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात. तिसरा चौकोन पुन्हा आडवा, पहिल्यासारखाच. रेषा चार किंवा सहा घेतल्या तर आपण सुरुवातीच्याच बाजूला परत येतो आणि पुढच्या चौकोनात जाण्यासाठी शिवलेल्या रेषेवरून पुन्हा जावे लागते.

ओळीतील चौकोनांची संख्याही विषम ठेवल्यास आणखी सोय होते. शेवटचा चौकोन आडवा येतो आणि सुई त्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात थांबते. त्याच्या खालचा चौकोन उभ्या रेषांचा असल्यामुळे तेथूनच खाली उतरत दुसरी ओळ उजवीकडून डावीकडे शिवता येते आणि संपूर्ण भाग दोरा न तोडता भरतो. चौकोनांची संख्या सम असेल तर ओळीच्या शेवटी सुई वरच्या कोपऱ्यात राहते. अशा वेळी शेवटच्या उभ्या रेषेवरूनच पुन्हा खाली उतरावे. एका ओळीला एवढीच दुहेरी शिलाई पडते.

दोन चौकोनांच्या सामाईक कडेवर एकाची पूर्ण रेषा आणि दुसऱ्याच्या छोट्या पायऱ्या एकमेकींवर येतात, त्यामुळे तेथे दोरा जाड दिसू शकतो. पायरी कडेच्या दोऱ्याएवढी आत घेतली की हा जाडपणा जवळजवळ नाहीसा होतो.

शिवताना

फूट खाली घेतल्यानंतर एक टाका मारून बॉबिनचा (खालच्या रिळाचा) दोरा वर ओढून घ्यावा, दोन्ही टोके धरून जागच्या जागी तीन-चार बारीक टाके घालावेत आणि मगच पुढे निघावे. उडता फूट कापडावर घट्ट बसत नसल्याने तो खाली घ्यायचा राहून जातो. पण फूट खाली आल्याशिवाय वरच्या दोऱ्याला टेन्शन (ताण) मिळत नाही आणि मागच्या बाजूला गुंता होतो. मशीनचा वेग मध्यम व सारखा ठेवून हात त्याच्याशी जुळवावेत. एका इंचात आठ ते दहा टाके पडले तर रेषा नीट दिसते.

या नक्षीचा खरा कस कोपऱ्यांवर लागतो. रेषेच्या टोकाला पोहोचताच एक क्षण थांबावे, सुई कापडात उतरू द्यावी आणि मग दिशा बदलावी. न थांबता वळल्यास कोपरा गोल होतो आणि पट्टी मध्येच संपल्यासारखी दिसते. रेषा शिवताना नजर सुईवर न ठेवता ज्या टोकाकडे जायचे आहे तेथे ठेवावी. अंतर सारखे ठेवण्यासाठी फूटची कड आधीच्या रेषेला लागून चालवता येते. त्यासाठी सुईपासून फूटच्या कडेपर्यंतचे अंतर एकदा मोजून घ्यावे.

थोडे शिवून झाले की क्विल्ट उलटून पाहावा. मागच्या बाजूला, विशेषतः वळणांवर, वरच्या दोऱ्याचे फासे दिसत असतील तर हात मशीनपेक्षा वेगाने फिरत आहेत किंवा वरचे टेन्शन सैल आहे. बॉबिनचा दोरा वर ठिपक्यांसारखा दिसत असेल तर वरचे टेन्शन कमी करावे.

नक्षी कोठे वापरावी

गोलाकार किंवा फुलांच्या आकृतीभोवतीची पार्श्वभूमी ही या विणीची सर्वांत योग्य जागा होय, कारण सरळ रेषांच्या शेजारी वळणे अधिक ठळक होतात. आधी आकृतीची बाह्यरेषा शिवावी. जाळीचा चौकोन आकृतीने अर्धा कापला गेला तर आडवी रेषा बाह्यरेषेपर्यंत न्यावी, बाह्यरेषेवरूनच पुढच्या रेषेपर्यंत सरकावे आणि परत फिरावे, म्हणजे वीण आकृतीच्या मागून गेल्यासारखी दिसेल. पाव इंचाची दाट वीण कापड आक्रसते आणि ताठ करते. ती एखाद्याच भागात भरून बाकीचा क्विल्ट मोकळा ठेवल्यास मोकळा भाग फुगून लाटा पडतात, म्हणून उरलेल्या भागातही जवळपास तेवढीच दाट शिलाई घालावी किंवा वीणच अर्ध्या इंचावर घ्यावी. सारे शिवून झाल्यावर जाळीच्या खुणा आधी थंड पाण्याने पूर्ण काढाव्यात आणि त्यानंतरच इस्त्री फिरवावी, कारण उष्णतेने काही पेनांच्या खुणा कापडात कायमच्या बसतात.